जीवनलिपीचे वाचक

सातारा जिल्ह्याच्या कोरेगांव तालुक्यांत रहिमतपूर हें गांव आहे. आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याची कबर येथें आहे; येथील नगरपालिका १८५३ सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनहि चार वर्षांनीं वडील; आणि नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म याच गांवीं झाला, हें रसिक वाचकांस ठाऊक असेलच. पुणें-मिरज लोहमार्गावर गांवाच्या नांवाचें स्थानक आहे. ज्या घरांत विद्येची चाड आहे अशा घरांतील मुलगे, आणि पुढें मुलीहि, याच मार्गानें शिक्षणासाठीं पुण्यास जात आल्या आहेत.

रहिमतपूर काय किंवा वाई, कराड, मिरज काय, अशा गांवांतील एकत्र कुटुंबांत दर उन्हाळ्यांत एक सभा भरते. बारावीचा निकाल लागण्याच्या सुमारास आजोबा, काका, आत्या, आणि हल्लीं परदेशांतून दूरध्वनीवर आपलें मत कळविणारा थोरला चुलतभाऊ अशी सर्व मंडळी मुलानें पुढें काय शिकावें याचा खल करूं लागतात. वैद्यक आणि इंजिनिअरिंग हीं दोन नांवें सर्वांस पाठ असतात. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या सभेंत एक नवें नांव ऐकूं येऊं लागलें आहे. तें म्हणजे 'जैवमाहितीशास्त्र', इंग्रजी वळणानें बोलावयाचें तर 'बायोइन्फर्मॅटिक्स'. नांव उच्चारतांच घरांतील वडील मंडळी साहजिकच विचारतात, "हें शिकून पोरगें नेमकें करणार काय? डॉक्टर म्हणावें तर रोगी तपासणार नाहीं, इंजिनिअर म्हणावें तर पूल बांधणार नाहीं!"

प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर व्याख्या सांगून देण्यापेक्षां ज्यानें या शास्त्रांत आयुष्य वेंचलें अशा एखाद्या माणसाचें काम दाखवून द्यावें, हें आम्हांस अधिक सोयीचें वाटतें. असा माणूस शोधण्यास फार दूर जावयास नको. पुणें विद्यापीठांत या विषयाचें केंद्र उभारणारे आणि पुढें त्याच विद्यापीठाचे कुलगुरु झालेले प्रा. अशोक कोळस्कर यांच्या कार्याचा परिचय आज आम्ही वाचकांस करून देणार आहों. तत्पूर्वीं या शास्त्राचें मूळ काय तें थोडक्यांत पाहूं.

पोथ्या आणि पाठभेद

जुन्या घरांतील माळ्यावर लाल फडक्यांत बांधलेल्या पोथ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस एक गोष्ट सांगावयास नको. एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखित प्रती सहसा सारख्या नसतात. लिहिणाऱ्याच्या हातून कोठें एखादें अक्षर गळतें, कोठें ओळच्या ओळ दोनदां उतरली जाते, कोठें 'व' चा 'ब' होतो. आणि एकदां झालेली चूक ती प्रत पाहून केलेल्या पुढच्या सर्व प्रतींत वारशानें जाते. म्हणूनच दोन पोथ्यांत तीच विशिष्ट चूक आढळली, तर त्या दोहोंचा पूर्वज एक असावा, असें अनुमान पंडित करितात.

६ जुलै १९१७ रोजीं पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें आणि १९१९ सालीं तेथें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम सुरू झालें. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९२५ पासून १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत या कामाची धुरा वाहिली. काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या निरनिराळ्या लिप्यांतील प्रती एकमेकींशेजारीं मांडून, शब्दाशेजारीं शब्द ठेवून, पाठभेदांवरून त्या प्रतींची वंशावळ ठरविण्यांत आली. हें प्रचंड कार्य १९६६ सालीं पुरें झालें. त्यासाठीं तपासलेल्या हस्तलिखितांची संख्या १,२५९ आहे.

जैवमाहितीशास्त्रज्ञ जें करितो तें तत्त्वतः हेंच होय. त्याची पोथी मात्र जिवंत पेशींत लिहिलेली असते. पेशींतील डी. एन्. ए. नांवाच्या लांबलचक रेणूंत चार प्रकारचे घटक एकामागून एक ओंवलेले असतात. ही चार अक्षरांची लिपि. या लिपींतील मजकुरावरून पेशी प्रथिनें तयार करिते. प्रथिनांची लिपि वीस अक्षरांची, आणि तीं अक्षरें म्हणजे वीस प्रकारचीं अमिनो आम्लें. आईबापांकडून मुलांकडे या पोथीची नक्कल उतरते तेव्हां क्वचित् एखादें अक्षर चुकतें, गळतें किंवा अधिक पडतें. कोट्यवधि वर्षांत अशा चुका सांचत जाऊन जीवसृष्टीचे नाना पाठभेद झालेले आहेत.

या पोथीचें वाचन फार जुनें नाहीं. फ्रेडरिक सँगर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें इन्शुलिन या प्रथिनांतील ५१ अमिनो आम्लांचा अनुक्रम १९५५ पर्यंत पुरा लाविला, आणि त्याबद्दल त्यास १९५८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेंत मार्गारेट डेहॉफ या विदुषीनें तोंपर्यंत ठाऊक झालेले अनुक्रम गोळा करून १९६५ सालीं त्यांचा संग्रह छापला. त्यांत अवघीं ६५ प्रथिनें होतीं. तिचें हें पुस्तक या शास्त्राचा पहिला कोश म्हणावयास हरकत नाहीं.

अनुक्रमांची तुलना करणें म्हणजे काय, हें एका घरगुती उदाहरणानें सांगतों. एका कारकुनानें 'रहिमतपूर' असें लिहिलें आणि दुसऱ्यानें घाईंत 'रहिमपूर' असें लिहिलें. आतां दोन्ही शब्द एकाखालीं एक मांडून अक्षराखालीं अक्षर तपासा. र, हि, म इथपर्यंत सर्व ठीक जुळतें. पुढें मात्र 'त' खालीं 'पू' येतो, 'पू' खालीं 'र' येतो, आणि शेवटीं एकहि अक्षर जुळत नाहीं. वरवर पाहणारा म्हणेल, या दोन शब्दांचा उत्तरार्ध अगदीं भिन्न आहे. परंतु दुसऱ्या शब्दांत 'म' नंतर एक जागा रिकामी सोडली, कीं लगेच सर्व अक्षरें जुळतात, आणि फक्त 'त' गळाला एवढाच खरा फरक असल्याचें दिसून येतें. जुळणाऱ्या अक्षराला गुण द्यावयाचे, रिकाम्या जागेबद्दल गुण कापावयाचे, आणि सर्वांत अधिक गुण मिळविणारी मांडणी शोधून काढावयाची, ही रीत नीडलमन आणि वुन्श या दोघांनीं १९७० सालीं गणिताच्या आधारें पक्की बसविली. सहा अक्षरांचा शब्द असेल तर हें काम बोटांवर होतें. हजारों अक्षरांचे दोन मजकूर असतील तर यंत्रावांचून गत्यंतर नाहीं. म्हणूनच या शास्त्रांत संगणक आला. तो येथें कारकून आहे. पंडिताची जागा त्याची नव्हे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

मद्रास, बंगळूर, हैदराबाद, पुणें

प्रथिन हें केवळ अक्षरांची माळ नसतें. माळ तयार होतांच ती ठराविक रीतीनें दुमडते, आणि ही जी घडी तिला पडते तिच्यावरच तिचें कार्य अवलंबून असतें. माळेचे सांधे कोणत्या कोनांतून वळूं शकतात आणि कोणत्या कोनांतून वळूं शकत नाहींत, हें मद्रास विद्यापीठांत जी. एन्. रामचंद्रन्, सी. रामकृष्णन् आणि व्ही. शशिशेखरन् यांनीं १९६३ सालीं दाखविलें. त्यांची ती आकृति 'रामचंद्रन्-आलेख' या नांवानें जगांतील प्रत्येक जीवरसायनाच्या पाठ्यपुस्तकांत छापली जाते. पुढें रामचंद्रन् बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत गेले आणि तेथें त्यांनीं रेण्वीय जैवभौतिकीचा विभाग स्थापन केला.

कोळस्कर यांची वैज्ञानिक घडण याच विभागांत झाली. प्रथिनाच्या माळेंतील एकेक दुवा अगदीं सपाट असतो कीं थोडा पिळलेला असतो, आणि त्या पिळामुळें माळेच्या वळणांवर काय परिणाम होतो, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यांच्या आरंभींच्या संशोधनांत येतात. हा अभ्यास बाहेरच्या माणसास रुक्ष वाटेल. परंतु त्यांतूनच आकड्यांच्या आधारें प्रथिनांविषयीं विचार करण्याची शिस्त त्यांच्या अंगीं बाणली. नंतर ते हैदराबादेस काम करूं लागले. १९८५ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह एक पद्धति प्रसिद्ध केली. जंतूंच्या डी. एन्. ए. मधील अक्षरांच्या रांगेंत कोणत्या भागावरून प्रथिन तयार होतें आणि कोणता भाग तसा नाहीं, हें केवळ मजकूर वाचून कसें ओळखावें, हा तिचा विषय. विरामचिन्हें नसलेल्या, शब्द न तोडतां लिहिलेल्या मोडी कागदांत वाक्य कोठें सुरू होतें आणि कोठें संपतें, हें ओळखण्यासारखेंच हें काम म्हणावयाचें.

१९८६ सालीं भारत सरकारनें जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला आणि जीवशास्त्रांतील माहिती देशभरच्या संशोधकांस मिळावी म्हणून निरनिराळ्या संस्थांत माहितीकेंद्रें उघडण्याचें ठरविलें. त्या योजनेंतील एक केंद्र १९८७ सालीं पुणें विद्यापीठांत निघालें, आणि त्याच्या उभारणीची जबाबदारी कोळस्कर यांजकडे आली. हा काळ वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावा. घरोघर संगणक नव्हता; आजचें महाजाल सामान्य जनतेस ठाऊक नव्हतें; प्रगत संगणनाचें केंद्र, म्हणजे 'सी-डॅक', पुण्यास १९८८ सालीं निघालें आणि त्याचा 'परम' हा महासंगणक १९९१ सालीं तयार झाला. म्हणजे साधनें येण्यापूर्वींच विषयाची पेरणी झाली, असें म्हणावें लागतें.

जागाहि विषयास अनुकूल लाभली. पुण्यास १९५२ पासून विषाणु-संशोधनाची संस्था आहे. १९७८ पासून ती राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नांवानें ओळखली जाते. प्राण्यांस व माणसांस बाधणाऱ्या विषाणूंची माहिती एकत्र करून ती संशोधकांस शोधतां येईल अशा रीतीनें लावून ठेवणें, हें पुणें केंद्राचें एक आरंभींचेंच काम झालें. एका संस्थेनें विषाणु प्रयोगशाळेंत वाढवावे, दुसरीनें त्यांचा मजकूर वाचावा, असा हा शेजारधर्म होय.

शेंकडा पंचाहत्तर

आतां आपण कोळस्करांच्या ज्या कामाची जगानें विशेष दखल घेतली, त्याकडे वळूं.

शरीरांत रोगजंतु शिरला म्हणजे आपलें रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडें तयार करितें. परंतु प्रतिपिंड हें जंतूच्या संपूर्ण प्रथिनास ओळखत नाहीं. तें प्रथिनाच्या पृष्ठभागावरील एखाद्या लहानशा तुकड्यास ओळखतें. पोलीस चोरास त्याच्या गालावरील व्रणावरून ओळखतो, तसाच हा प्रकार. लस तयार करणाऱ्यास किंवा रोगाची तपासणी बनविणाऱ्यास हा ओळखीचा तुकडा कोणता, हें कळलें पाहिजे. प्रयोगशाळेंत तो शोधावयाचा तर शेंकडों अमिनो आम्लांच्या माळेचे तुकडे करून एकेक तपासावा लागतो. त्यांत वेळ जातो आणि पैसाहि जातो.

१९९० सालीं कोळस्कर आणि त्यांचे सहकारी टोणगांवकर यांनीं या प्रश्नावर अवघ्या तीन पानांचा एक निबंध युरोपांतील एका जीवरसायनाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. प्रयोगांनीं सिद्ध झालेले असे ओळखीचे तुकडे त्यांनीं जमविले, आणि त्यांत कोणतें अमिनो आम्ल किती वेळां येतें याची मोजदाद केली. त्यांस असें आढळलें कीं, सिस्टीन, ल्युसीन आणि व्हॅलीन हीं तीन आम्लें प्रथिनाच्या पृष्ठभागावर आलेलीं असलीं, तर तीं अशा ओळखीच्या तुकड्यांत असण्याचा संभव अधिक असतो. हीं आम्लें पाण्याशीं फटकून वागणारीं असल्यामुळें साधारणतः प्रथिनाच्या पोटांत दडलेलीं असतात. म्हणूनच तीं बाहेर आढळणें हें ध्यानांत घेण्याजोगें लक्षण ठरलें. या मोजदादीवरून प्रत्येक आम्लास एकेक अंक देण्यांत आला. माळेवरून सात-सात आम्लांची खिडकी सरकवीत जावयाचें, प्रत्येक वेळीं सरासरी काढावयाची, आणि ती जेथें चढती दिसेल तेथें खूण करावयाची. एवढीच ती रीत. कागद आणि पेन्सिल घेऊन शाळेंतला मुलगाहि ती करूं शकेल.

या रीतीनें केलेलें भाकीत सुमारें शेंकडा ७५ खरें ठरतें, असें लेखकांनीं आपल्या निबंधाच्या आरंभींच नमूद केलें. आमच्या मतें या कामाचें खरें मोल या एका आकड्यांत आहे. भविष्य सांगणारे आपणांकडे थोडे नाहींत. परंतु आपलें भविष्य चारांत एकदां चुकतें, असें दारावरच्या पाटीवर लिहिणारा ज्योतिषी आम्हांस तरी ठाऊक नाहीं. शास्त्रज्ञानें हें लिहावेंच लागतें. कारण पुढच्या संशोधकास त्यावरूनच ठरवितां येतें कीं, शंभर तुकडे तपासण्याऐवजीं आधीं कोणते दहा तपासावे. भाकीत हा प्रयोगाचा पर्याय नव्हे. तो प्रयोगाचा वाटाड्या होय. 'कोळस्कर-टोणगांवकर पद्धति' या नांवानें ही रीत आज जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणकीय संचांत समाविष्ट आहे, आणि पुण्याचें नांवहि ज्यांनीं ऐकलें नसेल असे परदेशांतील विद्यार्थी ती रोजच्या कामांत चालवितात.

मुलांचा वैरी

या सर्व खटाटोपांतून साधावयाचें काय, हें समजण्यासाठीं थोडें मागें जाऊं. १८९६ सालीं मुंबईस प्लेग उतरला आणि थोड्याच काळांत सातारा जिल्ह्यांतहि पोंचला. माणसें घरेंदारें सोडून माळावर झोपड्यांत राहिलीं. कित्येक घराण्यांच्या वंशावळींत त्या वर्षांपाशीं एकदम चार-पांच शाखा खुंटलेल्या दिसतात. येर्सिनला प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें सांपडला होता. त्याच्या पोथीचीं सुमारें ४६ लाख अक्षरें मात्र २००१ सालीं वाचून पुरीं झालीं. एका शतकाहून अधिक काळ या शत्रूशीं माणूस त्याची लिपि न वाचतांच लढला.

मेंदूज्वराची गोष्टहि अशीच. ज्यास जपानी मेंदूज्वर म्हणतात त्याचे भारतांतील पहिले रोगी १९५५ सालीं वेल्लोरकडे ओळखले गेले. भातखाचरांच्या पाण्यांत वाढणारे क्यूलेक्स जातीचे डांस हा विषाणु पसरवितात. डुकरें आणि बगळ्यांसारखे पाणपक्षी त्यास आसरा देतात. विषाणु शिरलेल्या बहुतेक माणसांस कांहींच होत नाहीं. परंतु ज्यांच्या मेंदूस सूज येते त्यांपैकीं शेंकडा ३० पर्यंत रोगी दगावतात, आणि जे वांचतात त्यांतील शेंकडा ३० ते ५० जणांस कायमचें व्यंग राहतें. रोगी बहुधा लहान मुलें असतात. २००५ सालीं उत्तर प्रदेशाच्या पूर्वभागांत या तापानें एक हजाराहून अधिक बळी घेतले. जगलेल्या मुलाचे हातपाय, वाचा किंवा बुद्धि गेली, तर त्या घरावर काय प्रसंग ओढवतो, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

या विषाणूची पोथी सुमारें ११,००० अक्षरांची. त्याच्या बाहेरील आवरणावर जें मुख्य प्रथिन असतें, त्यासच आपलीं प्रतिपिंडें ओळखतात. त्या प्रथिनाची घडी कशी आहे, हें त्या वेळीं कोणींहि प्रत्यक्ष पाहिलेलें नव्हतें. परंतु गोचिडीच्या चाव्यानें होणाऱ्या मेंदूज्वराचा विषाणु याच कुळांतला, आणि त्याच्या आवरणप्रथिनाची घडी संशोधकांनीं १९९५ सालीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें उलगडली होती. कोळस्कर आणि त्यांच्या शिष्या ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनीं दोन्ही अनुक्रम एकमेकांशेजारीं मांडले, आणि ठाऊक असलेल्या घडीच्या आधारें ठाऊक नसलेली घडी संगणकावर रचून काढली. एका भावाचा अंगरखा मापास घेऊन दुसऱ्या भावाचा बेतावा, तसें हें झालें. त्या रचनेवरून प्रतिपिंडें कोठें चिकटत असावींत याचा नकाशाहि त्यांनीं तयार केला. हें संशोधन १९९९ सालीं विषाणुशास्त्राच्या एका मान्यवर अमेरिकन नियतकालिकांत प्रसिद्ध झालें.

येथें एक सूक्ष्म भेद सांगितला पाहिजे. १९९० ची पद्धति माळेंतील सलग तुकडे शोधीत असे. परंतु माळ दुमडल्यावर दूरदूरचे मणीहि एकमेकांजवळ येतात, आणि प्रतिपिंड पुष्कळदां अशा जवळ आलेल्या मण्यांच्या पुंजक्यास ओळखतें. असे पुंजके घडीवरून शोधण्याची सोय पुण्याच्या याच मंडळींनीं २००५ सालीं जगांतील कोणाहि संशोधकास महाजालावरून वापरतां येईल अशा रीतीनें खुली केली. आपल्याच पहिल्या पद्धतीची मर्यादा ओळखून तिच्यापुढें जाणें, हें संशोधकाचें खरें लक्षण होय.

जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरणप्रथिनाची घडी प्रत्यक्ष प्रयोगानें २०१२ सालीं उलगडली गेली. तीहि याच कुळांतील इतर विषाणूंप्रमाणें तीन खंडांची निघाली. पुणें येथील राष्ट्रीय संस्थेनें कोलार भागांतून मिळविलेल्या विषाणूपासून तयार केलेली भारतीय लस २०१३ सालीं आली. ही लस जुन्याच मार्गानें, म्हणजे विषाणु वाढवून तो मारून, केलेली आहे. ती संगणकावरील नकाशांतून निघाली, असें कोणीं म्हणूं नये. शास्त्राचा गौरव करतांना त्याच्या पदरीं दुसऱ्याचें श्रेय बांधणें योग्य नव्हे. परंतु रोगाच्या पाठभेदांवर लस लागू पडते कीं नाहीं, नवा पाठभेद कोठून आला, आणि तपासणी कोणत्या तुकड्यावर बेतावी, हे प्रश्न आज या शास्त्रावांचून सुटत नाहींत.

विद्यादान

कोळस्कर २००१ ते २००६ या काळांत पुणें विद्यापीठाचे कुलगुरु होते. संशोधकानें कारभाराच्या खुर्चींत बसावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे, आणि त्यांत आम्ही शिरत नाहीं. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्यांनीं उभारलेलें केंद्र त्यांच्यावांचूनहि चाललें. तेथें आरंभीं पदविकेचा आणि पुढें एम्. एस्सी. चा अभ्यासक्रम निघाला; ऊर्मिला कुलकर्णी-काळे या त्याच केंद्राच्या पुढें संचालक झाल्या. २०१४ पासून विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे, आणि त्या नांवाच्या विद्यापीठांत गुरूची गादी शिष्येनें चालवावी, हें उचितच झालें.

या शास्त्राच्या एका प्रथेचा आम्हांस विशेष आदर वाटतो. संशोधकानें जो अनुक्रम वाचला तो त्यानें सार्वजनिक भांडारांत ठेवावा, आणि तो कोणासहि फुकट मिळावा, असा तेथें दंडक आहे. अमेरिकेंतील असें मोठें भांडार १९८२ सालीं निघालें. २०२० च्या जानेवारींत चिनी शास्त्रज्ञांनीं करोना विषाणूचा सुमारें ३०,००० अक्षरांचा मजकूर प्रसिद्ध केला, आणि विषाणु हातीं येण्यापूर्वींच जगभर तपासण्या आणि लशी बेतण्यास आरंभ झाला. भारतांतील पहिल्या रोग्यांपासून मिळालेला मजकूर पुण्याच्या राष्ट्रीय संस्थेनें वाचला. दिल्यानें वाढतें असें विद्येविषयीं आपण लहानपणापासून ऐकतों. येथें तें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें.

याच भांडारांच्या जोरावर पुढचें एक नवल घडलें. प्रथिनांच्या घड्यांचा संग्रह १९७१ सालीं अवघ्या सात नमुन्यांनीं सुरू झाला होता. पन्नास वर्षें हजारों प्रयोगकर्त्यांनीं त्यांत भर घातली. त्या संग्रहावर शिकून तयार झालेलें एक संगणकीय यंत्र आतां केवळ अनुक्रमावरून बहुतेक प्रथिनांची घडी सांगतें. त्याबद्दल २०२४ चें रसायनशास्त्राचें निम्में नोबेल पारितोषिक डेमिस हॅसाबिस आणि जॉन जंपर यांस मिळालें; उरलेलें निम्में नवीं प्रथिनें रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांस. यंत्र हुशार खरेंच. परंतु तें ज्या पाठशाळेंत शिकलें ती माणसांनीं कण कण जमवून बांधलेली होती.

कुलवृत्तांत जें सांगत नाहीं

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कुलवृत्तांत असेल. त्यांतील वंशवृक्ष बापाकडून मुलाकडे उतरतो. मुली लग्न होऊन गेल्या कीं त्यांची फांदी थांबते, आणि घरांत आलेल्या सुनांच्या माहेरची हकीकत फार तर एका ओळींत आटोपते. जीवनलिपींत मात्र दोन्ही बाजूंची नोंद असते. पुरुषपरंपरा वाय नांवाच्या गुणसूत्रांत उतरते. आणि पेशीच्या ऊर्जाकणांत एक स्वतंत्र लहानशी पोथी असते, १६,५६९ अक्षरांची, जी केवळ आईकडून मुलांकडे येते. आई, आजी, पणजी, खापरपणजी यांचा अखंड धागा आपणां प्रत्येकाच्या पेशीपेशींत शाबूत आहे, जरी कोणत्याहि छापील वृत्तांतांत त्यांचीं नांवें नसलीं तरी. ज्या घरांस वंशावळींची हौस आहे त्यांनीं ही गोष्ट मनावर घेऊन छापील नोंदींत आजी-पणजींच्या माहेरचीं नांवें घालावयास लागावें, असें आम्ही सुचवितों.

शेवटीं उन्हाळ्यांतील त्या सभेकडून आलेल्या प्रश्नास उत्तर देणें प्राप्त आहे. हें शास्त्र शिकून माणूस करितो काय, तर तो जीवांच्या पोथ्या वाचतो, त्यांचे पाठभेद लावतो, आणि प्रयोग करणाऱ्यास वाट दाखवितो. ज्यास केवळ संगणकापुढें बसून लवकर पैसा मिळवावयाचा असेल, त्यानें इकडे येऊं नये. त्यासाठीं दुसरे मार्ग आहेत. ज्यास यावयाचें असेल त्यानें घाईनें नव्या नांवाचा अभ्यासक्रम धरण्याऐवजीं आधीं जीवशास्त्र, रसायन, भौतिकी किंवा गणित यांपैकीं एका विषयाचा पाया पदवीपर्यंत पक्का करावा. कोळस्करांचें कामहि जैवभौतिकीच्या अशाच पायावर उभें राहिलें. मग संगणकाची भाषा शिकावी. आणि प्रवेश घेण्यापूर्वीं त्या संस्थेंत तीन गोष्टी विचाराव्या: येथें संशोधन कोण करितो, त्याचीं भाकितें प्रयोगशाळेंत कोण पडताळून पाहतो, आणि तीं किती वेळां चुकतात. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर जेथें आकड्यांत मिळेल, तेथें आपल्या मुलास किंवा मुलीस खुशाल पाठवावें.